कुंडीतला वाफसा



जुन्या घरांतून एखाद्या पत्र्याच्या डब्यात बियांच्या पुड्या जपून ठेवलेल्या आढळतात. कुणाच्या माहेरचा वाल, कुणाच्या आजोळची शेवंती, कुणी तीर्थयात्रेहून आणलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या. माझ्या डब्यात होती ती मिरचीच्या बियांची पुडी. २०२१ च्या फाल्गुनात बेळगावहून माझ्या मावशीने ती मला पाठविली. संकेश्वरी मिरचीचे ते बी. लांब, सुरकुतलेली, वाळली की गर्द लाल होणारी ती मिरची. मावशी कित्येक वर्षे आपल्या परसात दरसाल पाच-सहा झाडे लावीत असे आणि त्यांतल्या निवडक फळांचे बी पुढच्या सालासाठी धरीत असे. पुडीसोबत तिच्या हातची चिठ्ठी होती: “तीन वाटे माती, एक वाटा जुने शेणखत, वर चुलीतली मूठभर राख. रोपाला चार पाने आली की उचलावे. पहिले चार दिवस उन्हात ठेवू नये.” त्याच वर्षी वैशाखात मावशी गेली. पुढे ते घरही विकले गेले आणि परसाच्या जागी इमारत उभी राहिली. तेव्हा त्या मिरचीचा जो काही वंश उरला होता, तो त्या पुडीतल्या साठाएक बियांत.

रोपे उचलून कुंडीत लावताना माती कोणती घ्यावी आणि ती कशी सिद्ध करावी, याविषयी आज मला आपणांशी चार गोष्टी बोलावयाच्या आहेत. विषय आपणांस किरकोळ वाटेल. मलाही तो तसाच वाटला होता, आणि त्या वाटण्यापायी पुडीतल्या बहुतेक बिया मी घालवून बसले.

मी राहते इंदुरास. त्या वर्षी मृगाचा पाऊस झाल्यावर एका उथळ परडीत मी तीस बिया टाकल्या. चोवीस उगवल्या. आषाढात चौथे पान दिसताच मावशीच्या प्रमाणाने कुंड्या भरल्या. देवास रस्त्यावरील एका परिचितांच्या शेतातून मुद्दाम काळीभोर माती आणवली होती. माळव्याची माती ती, गव्हाला आणि कापसाला नावाजलेली; तिच्यात मिरचीचे एवढेसे रोप का येऊ नये? चार दिवस रोपे टवटवीत दिसली. पाचव्या दिवशी पाने फिकी पडली. मग देठ मातीलगत बारीक झाला, दोऱ्याने आवळल्यासारखा दिसू लागला, आणि एकेक रोप आडवे झाले. आठवडाभरात चोवीसही कुंड्या रिकाम्या झाल्या. कृषिशास्त्राच्या पुस्तकांत याला ‘रोपे कोलमडणे’ म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा नावांच्या बुरशी त्याला कारण होतात, आणि त्यांना हवी असते ती सतत ओली, हवा कोंडलेली माती. ती मी त्यांना आयतीच करून दिली होती.

मावशीच्या चिठ्ठीत चूक होती काय? मुळीच नाही. तिने ‘माती’ असे लिहिले, कारण तिच्या जगात माती म्हणजे परसातली तांबडी माती; तिला निराळे विशेषण लावण्याची तिला कधी गरजच पडली नव्हती. मी ‘माती’ असे वाचले, आणि माझ्या डोळ्यांपुढे माळव्याची काळी माती आली. शब्द एक, वस्तू दोन. बेळगावपासून दक्षिणेस खानापूरकडे आणि पुढे घाट उतरून गोव्यात जी तांबडी, जांभ्याची माती आढळते, तिच्यातील चिकणमातीचे कण लोहाच्या संयुगांनी एकमेकांशी बांधले जाऊन तिचे टिकाऊ रवे बनलेले असतात. रव्यांमधून पाणी झरते, हवा खेळते. माळव्याच्या काळ्या मातीतील चिकण मात्र निराळ्या जातीची. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. राखेचेही तसेच. जांभ्याची माती आंबट, म्हणून तिला मूठभर राख मानवते. आमची काळी माती मुळातच अल्कधर्मी; तिच्यात राख म्हणजे खारट भाजीत पुन्हा मीठ.

तरीही एक कोडे उरतेच. हीच काळी माती शेतात मिरचीही पिकविते, मग कुंडीत ती मारक का व्हावी?

आपल्या शेतकऱ्यांच्या बोलीत ‘वाफसा’ असा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. पाऊस पडून गेला, वरचे पाणी ओसरले, माती ओलसर आहे पण पायाला चिकटत नाही, ढेकूळ हाती घेतले तर बोटांनी सहज फुटते, अशी जमीन झाली की शेतकरी म्हणतो, वाफसा आला. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा, अशी ती स्थिती. मुळांना दोन्ही लागतात. मूळही श्वास घेते. आणि पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद होतो. मोठ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्याच राहिल्या तर झाड पाण्यात उभे राहूनही कोमेजते, आणि कोमेजलेले पाहून आपण त्याला आणखी पाणी घालतो.

शेतात वाफसा येतो, कारण शेताला तळ नाही. वरच्या मातीतले पाणी खालची माती ओढून घेते, तिच्यातले तिच्याखालची. कुंडीला तळ आहे. तिथे ही ओढ एकदम तुटते. तळाशी भोक असले म्हणून सगळे पाणी निघून जाते असे नाही. मातीच्या बारीक पोकळ्या ते धरून ठेवतात आणि तळाशी काही बोटे उंचीचा एक थर भिजलेलाच राहतो. हे पाहावयाचे असेल तर घरात भांडी घासण्याचा आयताकृती स्पंज असेल तो घ्यावा, पाण्यात बुडवून काढावा आणि तळहातावर आडवा धरावा. पाणी गळून गळून थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा करावा. पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, पाणी तेच. केवळ उंची वाढली आणि खालची ओढ वाढली. भिजलेला थर किती जाड राहणार हे मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून शेतात चालणारी चिकण माती चार बोटे उंचीच्या कुंडीत घातली की ती कुंडी तळापासून काठापर्यंत चिखलाचीच होते. रोपांसाठी आपण घेतो त्या कुंड्या लहान असतात, आणि कुंडी जितकी बुटकी तितकी मिश्रणाची कसोटी अधिक.

याच कारणाने तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा जाड थर घालण्याची आपली जुनी रीत फारशी उपयोगाची नाही. हे मला स्वतःला मान्य व्हावयास बराच वेळ लागला, कारण माझ्या वडिलांनी ती मला शिकविली होती. परंतु बारीक पोकळ्यांच्या मातीतले पाणी मोठ्या पोकळ्यांच्या खडीत सहजासहजी उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते वरच थबकते. परिणाम एवढाच, की तळाशी राहणारा ओला थर खडीच्या उंचीने वर सरकतो आणि मुळांच्या अधिक जवळ येतो. भोकावर एकच बाकदार खापरी पालथी ठेवावी, माती वाहून जाऊ नये म्हणून. तेवढे पुरे.

२०२२ साली मी पुन्हा एकोणीस बिया टाकल्या. या खेपेस मला ठाऊक झाले होते की काळी माती जड आहे, तेव्हा तिच्यात वाळू मिसळावी. घरासमोर एका बांधकामावर गिलाव्याची चाळलेली वाळू पडली होती, ती दोन घमेली मागून आणली आणि मातीच्या चौथाई प्रमाणात मिसळली. शेजारच्या गोठ्यातून शेणखत आणले. ते ‘जुने’ आहे असे गोठेवाल्याने सांगितले आणि मी विश्वास ठेवला. आठ दिवसांनी कुंडी पालथी केली तेव्हा आतून विटेसारखा गट्टू बाहेर आला. बारीक वाळूचे कण चिकण मातीत रुतून बसतात, पोकळी वाढवीत नाहीत; उलट सारे मिळून घट्ट होते. वाळू घालावयाची तर ती भरड, ज्वारीच्या दाण्याएवढी, धुतलेली, आणि चिमटीने नव्हे तर मातीहून अधिक. त्या वर्षी जी काही रोपे तगली त्यांच्या पानांच्या कडा करपल्या. तो प्रताप कच्च्या शेणखताचा होता. पुडीत अकरा बिया उरल्या.

मिरचीचे बी दोन-तीन वर्षांनंतर झपाट्याने निर्बळ होत जाते. घाई करावी तर पुन्हा चुकण्याचे भय, थांबावे तर बी मरण्याचे. म्हणून त्या हिवाळ्यात मी मिरचीला हात न लावता फक्त मातीवर प्रयोग केले. बाजारातले टोमॅटोचे बी स्वस्त असते. मरावयाचे ते त्याने मरावे असे ठरविले.

प्रथम आपल्या हाती आलेली माती आहे तरी कोणती हे पाहावे. काचेची एक उभट बाटली घ्यावी, तिसरा हिस्सा चाळलेली माती आणि वर पाणी भरावे, खूप घुसळावी आणि हलणार नाही अशा जागी ठेवून द्यावी. मिनिटभरात तळाशी बसते ती रेती. दोन-तीन तासांत तिच्यावर बसतो तो गाळ. त्यानंतरही जे पाणी गढूळ राहते आणि एक-दोन दिवसांनी कुठे निवळते, ती चिकण. माझ्या काळ्या मातीने बाटलीत निम्म्याहून अधिक उंची चिकणीची दाखविली. ओढ्याच्या काठची पोयट्याची माती आणून पाहिली तेव्हा रेती, गाळ आणि चिकण यांचे थर बऱ्यापैकी जुळलेले दिसले. आपल्या वडीलधाऱ्यांना या बाटलीची गरज नव्हती. ते ओल्या मातीची बोटांत वळकटी करून पाहात. मोडली नाही आणि अंगठीसारखी वळली, तर ती माती कुंडीत एकटी घालू नये.

आता खताकडे वळू. या बाबतीत इंदूरकरांनी तरी अज्ञानी असू नये, कारण कुजविलेल्या खताची एक पद्धत आमच्या गावाच्या नावाने जगभर ओळखली जाते. १९२४ साली इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था निघाली. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ तिचे संचालक होते. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, ओल राखून, ठरावीक दिवसांनी उलथून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत त्यांनी तिथे सिद्ध केली. १९३१ साली त्यावर जो ग्रंथ निघाला त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. हे नाव आपल्या लोकांना फारसे ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगते. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरास आले, तेव्हा तेही ही खतपद्धती पाहून गेले.

हॉवर्ड-वाड यांच्या पद्धतीचे मर्म उलथापालथीत आणि धीरात आहे. घाईत काढलेले खत बाहेरून काळे दिसते, पण आत कुजण्याची क्रिया चालूच असते. ते कुंडीत गेले की कुजविणारे जीवाणू मातीतले नत्र स्वतःच वापरून टाकतात आणि रोप पिवळे पडते. किंवा ताज्या शेणातला अमोनिया कोवळ्या मुळांना भाजतो. खत पक्के झाले की नाही हे कसे ओळखावे? मूठभर ओले खत प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून तीन दिवस ठेवावे. उघडताना पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तसा वास आला तर उत्तम. आंबूस किंवा डोळ्यांना झोंबणारा आला तर ते पुन्हा ढिगात टाकावे.

याहूनही खात्रीची परीक्षा आपल्या स्वयंपाकघरात आहे. बाळंतिणीच्या लाडवांसाठी आपण अळीव आणतो ना, तेच अळीव. दोन वाट्या घ्याव्या. एकीत निव्वळ धुतलेली भरड वाळू, दुसरीत तीच वाळू आणि आपले खत निम्मेनिम्मे. प्रत्येकीत मोजून वीस दाणे टाकावे, पाणी शिंपडावे आणि वर बशी झाकावी. अळीव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड काढते. पाचव्या दिवशी दोन्ही वाट्यांतली रोपे मोजावी आणि दोन-चार उपटून मुळे पाहावी. खताच्या वाटीत संख्या बरोबरीची आणि मुळे पांढरी, लांब असतील तर खत वापरावे. मुळांची टोके तपकिरी, आखूड असतील तर खत कच्चे किंवा खारे आहे. परदेशांतील प्रयोगशाळाही या कामी अळिवाचाच उपयोग करतात, हे वाचले तेव्हा मला मोठी मौज वाटली. मी गोठ्यातल्या त्या ‘जुन्या’ शेणखताची परीक्षा घेतली. वीसांपैकी पाच दाणे उगवले.

अलीकडे सर्व रोपवाटिकांतून नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला कोकोपीट म्हणतात, विटांच्या आकारात दाबून विकतात. ही वस्तू चांगली आहे. ती वजनाला हलकी असते, पाणी धरते आणि तरीही पोकळ राहते. दोष एकच. काथ्या मोकळा करण्यासाठी नारळाची सोडणे पुष्कळदा खाडीच्या मचूळ पाण्यात भिजत घालतात, आणि सोडणात स्वतःचेही क्षार असतात. वीट भिजवून फुगली की लगेच वापरू नये. गोड्या पाण्यात रात्रभर ठेवावी, पिळावी, पाणी फेकून द्यावे. असे तीनदा करावे. इथेही अळीव पेरून पाहावे, ते खोटे बोलत नाही. आणि कोकोपीटात अन्न जवळजवळ नसतेच, हे विसरू नये. निव्वळ त्यात लावलेले रोप दोन आठवडे हसते आणि मग उपाशी राहते.

पिशवीत बंद तयार मिश्रणे मिळतात, त्यांविषयी मी काय सांगू? काही फार चांगली असतात. मी एकदा घेतली त्या पिशवीत लाकडाचा कच्चा भुसा निघाला. वास घ्यावा, मुठीत दाबून पाहावे, वाटीत अळीव पेरावे; मग पिशवीवरचे चित्र कितीही सुंदर असो.

या ठिकाणी एका जुन्या प्रयोगाची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९३० नंतरच्या दशकात लंडनजवळ मर्टन येथील जॉन इन्स उद्यानसंस्थेत लॉरेन्स आणि न्यूवेल या दोघांना रोपे मरण्याच्या उपद्रवाने हैराण केले होते. त्या काळी तिकडचा प्रत्येक माळी प्रत्येक झाडासाठी आपले निराळे गुप्त मिश्रण बाळगून असे. या दोघांनी वर्षानुवर्षे तुलना करून दाखविले की वाफेने तापविलेली माती, पीट आणि भरड वाळू यांचे मोजके प्रमाण ठरविले तर बहुतेक सर्व झाडांना तेच चालते: रोपे लावण्यासाठी सात, तीन आणि दोन भाग. १९३९ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि हे प्रमाण जगभर गेले. आपल्याकडेही कित्येक पुस्तकांतून ते जसेच्या तसे उतरविलेले सापडते. परंतु त्या सूत्रातील सात भाग ‘माती’ म्हणजे इंग्लंडातल्या जुन्या गवताळ कुरणाची, गवताच्या मुळ्यांसकट रचून कुजविलेली भुसभुशीत माती. माळव्यात कुणी सात भाग काळी माती घेतली तर त्याची गत माझ्यासारखीच होणार. मावशीच्या चिठ्ठीची जी अडचण, तीच मर्टनच्या सूत्राची.

२०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत टोमॅटोच्या सुमारे शंभर रोपांचा बळी देऊन मी जे प्रमाण ठरविले ते असे. काळी माती एक घमेले; धुतलेली भरड वाळू किंवा विटांचा ज्वारीएवढा चुरा दोन घमेली; धुतलेले कोकोपीट दोन; पक्के खत एक. राख नाही. पोयटा मिळाला तर तो दोन घमेली घ्यावा आणि बाकीचे प्रत्येकी एक. विटांचा चुरा मला वाळूहूनही बरा वाटला, कारण तो थोडे पाणी स्वतःत धरतो. शिवाय नदी उपसून काढलेली वाळू आपल्या चार कुंड्यांसाठी मागावी हेही मनाला रुचत नाही. चुरा बारीक चाळणीतून चाळावा आणि खाली पडलेली पूड टाकून द्यावी. मी हे प्रमाण सांगितले खरे, पण ज्यांच्या अंगणात तांबडी माती आहे त्या बेळगावकर किंवा गोवेकर श्रोत्यांनी ते उतरून घेऊ नये. त्यांनी बाटलीची परीक्षा करून आपले ठरवावे.

मिश्रणातली माती मी आधी तापवून घेतली. वैशाखात ओली करून गच्चीवर चार बोटे जाडीचा थर दिला, वर पारदर्शक प्लॅस्टिक पसरले, कडा विटांनी दाबल्या आणि पाच आठवडे तशीच ठेवली. सूर्यतापाने मातीतल्या रोगकारक बुरशी मारण्याची ही रीत इस्रायलातील काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली पुढे आणली. प्लॅस्टिक काळे नको, पारदर्शकच हवे. आणि माती कोरडी नको, कारण ओल्या मातीत उष्णता खोलवर पोहोचते. खत मात्र तापविले नाही. ते नंतर मिसळले, आणि मिसळण्याआधी कृषी-सेवा केंद्रात मिळते ती ट्रायकोडर्मा नावाच्या उपकारक बुरशीची पूड त्यात कालवून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवले. तापलेली माती रिकाम्या घरासारखी असते. आधी कोण राहावयास जाते याला महत्त्व आहे.

सगळे एकत्र केल्यावर मिश्रण कुंडीत भरण्यापूर्वीच ओलसर करावे. कोरडे मिश्रण भरून वरून पाणी ओतले की ते कडेने निघून जाते आणि मध्य कोरडाच राहतो. मूठ दाबावी, लाडू वळला, बोटांतून पाणी ठिबकले नाही, आणि टिचकी मारताच लाडू फुटला, की समजावे वाफसा आला. मग दोन आठवडे गोणपाटाखाली मुरू द्यावे.

रोप उचलण्याविषयी थोडेसेच सांगते. पहिली कुंडी चहाच्या कुल्हडाएवढी असावी. प्रथमच मोठ्या कुंडीत लावण्याचा मोह होतो, पण एवढ्याशा मुळांना तेवढ्या मातीतले पाणी पिता येत नाही, आणि न प्यालेले पाणी तिथेच साचून राहते. रोप पानाला धरावे, देठाला नाही. पान गेले तर दुसरे येते, देठ चिमटला तर रोप जाते. मिश्रण अंगठ्याने दाबू नये, कुंडी जमिनीवर दोनदा आपटावी. वेळ संध्याकाळची. झारीने एकदा भोकातून ठिबकेपर्यंत पाणी द्यावे आणि नंतर कुंडी उचलून वजनाने हलकी लागेपर्यंत देऊ नये. आषाढ असेल तर छपराखाली ठेवावे. आणि हात साबणाने धुवावे. खतात काम करताना हाताला जखम असेल तर हातमोजे घालावे.

त्या वर्षी जूनमध्ये मी उरलेल्या अकराही बिया टाकल्या. आठवडा झाला, दहा दिवस झाले, काही दिसेना. बाराव्या दिवशी पहिली उगवली. एकूण सात उगवल्या. सातही रोपे कुल्हडांत लावली. त्यांतले एक गोगलगाईने रात्रीत खाल्ले, त्यात मातीचा दोष नव्हता. पाचव्या दिवशी मी सकाळी दिवा घेऊनच गच्चीवर गेले, उजाडण्याची वाट पाहिली नाही. सहाही उभी होती. मातीलगतचा देठ हिरवा, जाड. तीन आठवड्यांनी एक कुल्हड पालथे करून पाहिले, तो कडेने पांढऱ्या मुळांची जाळी धरलेली. सहांपैकी पाच झाडांना मिरच्या लागल्या. पौषात त्या लाल होऊ लागल्या, आणि माघात मी त्या सुपात घालून वाळविल्या. पहिली आमटी केली तेव्हा घरातल्या मुलांना ती तिखट लागली. मला तिचा वास पुरेसा होता.

गेल्या उन्हाळ्यात बेळगावहून माझ्या मावसभावाचा फोन आला. आता तो तिसऱ्या मजल्यावर राहतो, गच्चीवर चार डबे ठेवण्याची सोय आहे. “ताई, आईच्या मिरचीचे बी तुझ्याकडे आहे म्हणतात. थोडे पाठव, आणि तुझ्या त्या मिश्रणाचे प्रमाणही लिही,” असे तो म्हणाला. मी तीस बिया पाठविल्या. पुडीवर माझे प्रमाण लिहिले नाही, मावशीचेच लिहिले: तीन वाटे माती, एक वाटा जुने शेणखत, मूठभर राख. ‘माती’ या शब्दाआधी तेवढे ‘तांबडी’ असे घातले, आणि खाली दोन ओळी वाढविल्या: शेणखतात आधी अळीव पेरून पाहावे, खापरी एकच ठेवावी.